बारा नंबरवाला

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. पितृपक्षातली द्वितीया. त्या दिवशी आमच्याकडे बाबांचं श्राद्ध होतं. सकाळपासून घरात तोच सगळा वास, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, वडे, मंद आचेवरची खीर. गुरुजींना त्या दिवशी चार घरं होती त्यामुळे ते दीड वाजता आले, तोपर्यंत आई नुसती आतबाहेर करत होती. सगळं आवरून कावळ्याचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून आलो, जेवलो, आणि मग श्राद्धाच्या दिवशी दुपारी घराला जी एक जड सुस्ती येते ती आली.

रात्री सव्वानऊला मॅच होती. रग्बी वर्ल्ड कप, फिजी विरुद्ध जॉर्जिया, फ्रान्समधल्या बोर्दो शहरात. मी मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला आणि शेजारी आई वाती वळत बसली. तिला रग्बीतलं काही कळत नाही, पण त्या दिवशी तिला एकटं बसायचं नव्हतं आणि मलाही.

फिजी फार वाईट खेळत होतं. पंधराच दिवसांपूर्वी, १७ सप्टेंबरला, याच टीमने ऑस्ट्रेलियाला २२-१५ हरवलेलं, १९५४ नंतर पहिल्यांदाच, आणि आता हाफटाइमला जॉर्जियाच्या ९ समोर शून्य. बॉल हातातून सुटत होते, सगळे पाण्यात पळाल्यासारखे पळत होते. मी आईला म्हणलं यांना काय झालंय आज कळत नाहीये. दुसऱ्या हाफमध्ये कॅप्टन नायाथालेवूने ट्राय मारला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या लाइनपलीकडे नेऊन टेकवला, मग हाबोसीने, आणि कसंबसं १७-१२ ने जिंकले. शेवटची दोन मिनिटं तर जॉर्जियावाले त्यांच्या लाइनवर येऊन धडकत होते आणि मी उभा राहून बघत होतो.

मॅच संपल्यावर पॅरिसच्या एका मित्राचा मेसेज आला. फिजीचे कोच सायमन रायवालुई यांनी प्रेस कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं की जोसुआ तुईसोवाचा मुलगा आदल्या रात्री गेला. सात वर्षांचा. बरेच दिवस आजारी होता. मुलगा तिकडे फिजीत, बाप इकडे बोर्दोत. आणि तो आज खेळला, त्याने टीमसोबत राहायचं ठरवलं.

मी आईला सांगितलं. तिने वाती खाली ठेवल्या. "कुठला रे तो?" मी म्हणलं बारा नंबरवाला, तो बुटकासा, रुंद खांद्यांचा. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "त्याची बायको कुठे असेल आत्ता?"

हे मला माहीत नव्हतं.

---

या माणसाला मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय. २०१९ ते २०२२ मी कामासाठी फ्रान्समध्ये लियोंला होतो. पहिला हिवाळा तर असा गेला की ऑफिस, मेट्रो, घर, आणि घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवर आईबाबा, बाबा दर वेळी एकच विचारणार, तिकडे किती डिग्री आहे. ऑफिसातला एक मित्र, मूळचा तिकडचाच, त्याला माझी दया आली असावी, तो एका शनिवारी जबरदस्तीने मला जेर्लांच्या स्टेडियमवर घेऊन गेला. मला तोपर्यंत रग्बी म्हणजे नुसती मारामारी वाटायची. लाल-काळ्या जर्सीत लियोंचे खेळाडू आले, मित्र एकेकाचं नाव सांगत होता, आणि एकाकडे बोट दाखवून म्हणाला, याला बघ फक्त, बाकी कोणाकडे बघू नकोस.

तो तुईसोवा. उंची ५ फूट ११ इंचाच्या आसपास, म्हणजे रग्बीच्या मानाने काहीच नाही, पण वजन ११० किलोच्या पुढे आणि ते सगळं वजन कमरेच्या खाली असल्यासारखं. पहिली वीस मिनिटं तो नुसता विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, उभा, हात चोळत, तोंडातून वाफ निघतीये. मग बॉल आला. मला अजून जसंच्या तसं आठवतंय, समोरून दोघं आले, पहिल्याने कमरेला मिठी मारली आणि तो मिठी मारलेल्या अवस्थेतच मागे मागे ओढला गेला, दुसरा नुसता आपटून बाजूला झाला, तुईसोवाची पावलं लहान लहान पडत होती, धावतोय असं वाटतच नव्हतं, गाडा ढकलणाऱ्या माणसाची पावलं पडतात ना तशी. चार-पाच मीटर दोन माणसं अंगावर घेऊन तो गेला आणि पडता पडता मागच्या मागे एका हाताने बॉल दिला, न बघता. स्टेडियममधून जो आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, हसण्याचा होता, लोकांना इतका आनंद झाला की ते हसले. मीपण. परदेशात आल्यापासून मोठ्याने हसलेलो ती पहिलीच वेळ असेल.

पडताना असा बॉल देण्याला ऑफलोड म्हणतात आणि फिजीच्या लोकांएवढा सुंदर ऑफलोड जगात कोणी करत नाही, हे मला नंतर कळलं. त्या रात्री घरी येऊन मी त्याचं सगळं वाचून काढलं.

---

जोसुआ तुईसोवा, जन्म ४ फेब्रुवारी १९९४, फिजीच्या बा प्रांतातला. बा असं आपण लिहितो पण म्हणायचं म्बा. फिजीची भाषा रोमन लिपीत लिहिताना मिशनऱ्यांनी अशी सोय केली की 'ब' लिहिलं तरी आधी 'म' चा उच्चार आपोआप येतो, 'द' च्या आधी 'न' येतो, त्यामुळे जिथे आपलं विमान उतरतं ते नादी नाही, नान्दी. तुईसोवाचा मित्र सेमी, त्याचं आडनाव टीव्हीवाले राद्राद्रा म्हणतात, खरं आहे रन्द्रन्द्रा. मला या गोष्टींचा नाद आहे. एखाद्याचं नाव नीट उच्चारता आलं की तो माणूस थोडा जवळचा वाटतो.

हा बा प्रांत म्हणजे उसाचा पट्टा. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी साठ हजारांवर भारतीय मजूर करारावर फिजीला नेले, त्या ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं, आणि त्यातले बरेच उत्तर प्रदेश-बिहारकडचे आणि नंतर मद्रासकडचे लोक याच पट्ट्यात ऊस लावत राहिले. त्यांची नातवंडं-पतवंडं अजून तिथे आहेत, पण ती जास्त करून फुटबॉलवाली. रग्बी हा मुख्यतः मूळच्या फिजियन गावांचा खेळ. गावात चर्च असतं आणि एक मैदान असतं, मैदान नसेल तर समुद्राच्या ओहोटीची वाळू असते. बॉल नसेल तर प्लॅस्टिकची बाटली चालते. एकूण वस्ती नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, तीनशेच्या वर बेटांपैकी शंभरएक बेटांवर विखुरलेली, आणि त्यातून एवढे खेळाडू निघतात की जगातल्या मोठ्या लीगमध्ये ज्या टीममध्ये फिजीचा कोणी नाही ती शोधावी लागेल.

तुईसोवा १९ वर्षांचा असताना, २०१३ मध्ये, फ्रान्सच्या तुलों क्लबात गेला. तेव्हाचा तुलों म्हणजे जगभरातले महागडे खेळाडू गोळा केलेला क्लब, जॉनी विल्किन्सन वगैरे तिथे होते, २०१४ आणि १५ ला युरोपचा कप त्यांनीच घेतला. त्या गर्दीत हा उसाच्या पट्ट्यातला पोरगा. भाषा येत नाही, थंडी माहीत नाही. तिथे तो सहा वर्षं खेळला, मग २०१९ ला लियों, आणि २०२३ ला पॅरिसजवळचा रासिंग ९२. लियोंने २०२२ च्या मे मध्ये युरोपचा चॅलेंज कप जिंकला तेव्हा फायनलला समोर त्याचाच जुना तुलों होता, ३०-१२. मी तेव्हा लियोंमध्येच होतो, रात्रभर हॉर्न वाजत होते.

मधे २०१६ चं रिओ ऑलिम्पिक. त्याबद्दल थोडं थांबून सांगायला पाहिजे, कारण फिजी म्हणजे काय हे मला त्यातूनच कळलं. सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांची रग्बी, सात मिनिटांचे दोन हाफ, आणि त्यात फिजीवाले राजे. त्या वर्षी २० फेब्रुवारीला विन्स्टन नावाचं चक्रीवादळ फिजीवरून गेलं, पाचव्या कॅटेगरीचं, ४४ माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली. सहा महिन्यांनी, ११ ऑगस्टला, त्यांनी फायनलमध्ये ग्रेट ब्रिटनला ४३-७ हरवलं. फिजीला ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं ते पहिलंवहिलं पदक, आणि तेसुद्धा सोन्याचं. तुईसोवा त्या टीममध्ये होता. मेडल द्यायला इंग्लंडची राजकन्या ॲन आली, तेव्हा हे सगळे धिप्पाड गडी एकेक करून तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि दोन्ही तळव्यांची ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे मोठ्या माणसाकडून काही घ्यायचं तर असंच घेतात. ज्यांना आत्ताच चिरडलं त्यांच्याच राजघराण्यातल्या बाईकडून सोनं घेताना गुडघ्यावर बसायचं, यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे वाकून नमस्कार करतो तसं. देशाने नंतर सात डॉलरची नोट काढली, सात खेळाडूंचा खेळ म्हणून सात.

---

पण मला जास्त बोलायचंय ते अंतराबद्दल.

फिजीची राजधानी सुवा ते पॅरिस म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला. दोन-तीन विमानं बदलून दीड दिवस जातो. घड्याळात दहा-अकरा तासांचा फरक, तिकडे सकाळ तर इकडे आदली रात्र. फिजीत रग्बी खेळून घर चालत नव्हतं, निदान तुईसोवा मोठा होत होता तेव्हा तर नाहीच, सुपर रग्बी या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या व्यावसायिक लीगमधली द्रुआ ही त्यांची टीम २०२२ ला आली. म्हणजे पोरगा चांगला निघाला की तो जाणार हे ठरलेलं. क्लेरमों नावाच्या फ्रेंच क्लबाने तर नान्द्रोंगा भागात स्वतःची अकॅडमी काढली, आणि तिथल्या पोरांपैकी अलिवेरेती राका पुढे फ्रान्सच्या जर्सीत खेळला. त्याच्या आधी विरिमी वाकातावा. देश बदलला म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पंचवीस-तीस माणसांचं एकत्र कुटुंब, त्यातला एक पगार. गावच्या चर्चचं छप्पर, चुलतबहिणीचं लग्न, भाच्याची शाळेची फी, सगळं त्या एकाच्या गुडघ्यांवर आणि खांद्यांवर. ज्यांच्या घरातलं कोणी मस्कतला किंवा जहाजावर आहे त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

सगळ्यांना हे झेपतं असंही नाही. रुपेनी थाउथाउनिम्बुथा नावाचा एक विंगर होता, वानुआ लेवू बेटावरच्या बुआ भागातला, मी त्याचे फक्त जुने व्हिडिओ पाहिलेत पण काय पळायचा तो माणूस. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये स्कॉटलंडविरुद्ध दोन ट्राय, जगातले सगळ्यात चांगले डिफेंडर त्याच्या मागे हात लांब करून राहिले. फ्रान्सच्या आजों क्लबाने त्याला घेतलं, त्यांनी त्याच्यावर जीव टाकला. पण तो सुट्टीला घरी गेला की वेळेवर परतच यायचा नाही. आठवडे जायचे. दंड व्हायचा, पेपरात यायचं, बेशिस्त, आळशी, वाया घालवलं. नंतर २०१८ च्या सुमारास त्यानेच एका व्हिडिओत सांगितलं की कमावलेले पैसे राहिले नाहीत, आणि तरुण पोरांनी माझ्यासारखं करू नये. त्याच्या चुका होत्याच, त्याने स्वतःच मान्य केल्यात. पण 'वेळेवर परत आला नाही' हे वाचताना मला दर वेळी नान्दीच्या विमानतळाचा विचार येतो, बॅग भरलेली आहे, खाली गाडी उभी आहे आणि पाय निघत नाहीयेत. मी स्वतः लियोंला परत जायची फ्लाइट एकदा चार दिवस पुढे ढकललीये, काही कारण नसताना, बाबा म्हणाले होते थांब की अजून दोन दिवस, कैऱ्या आल्यात.

आणि टोकियो ऑलिम्पिक. २०२१ च्या एप्रिलमध्ये फिजीत कोविडचा लॉकडाऊन लागला तेव्हा सेव्हन्सची टीम कॅम्पमध्ये होती, ती तिथेच अडकली. महिनोन्महिने पोरं घरी गेली नाहीत, काहींची घरं गाडीने थोड्या अंतरावर होती तरी नाही. शेवटी मालवाहू विमानातून टोकियोला गेले, कारण दुसरं विमानच नव्हतं, आणि न्यूझीलंडला २७-१२ हरवून परत सोनं घेतलं. कॅप्टन जेरी तुवाई, सुवाजवळच्या न्यूटाउन नावाच्या झोपडवस्तीत वाढलेला, दोन ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा सेव्हन्सचा पहिला पुरुष खेळाडू. मेडल घेताना रडत होते सगळे. मी ती मॅच लियोंमधल्या खोलीत एकट्याने पाहिली आणि मीपण रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.

---

बाबा २८ एप्रिल २०२१ ला गेले. मिरजेत. दुसरी लाट. ऑक्सिजन, बेड, इंजेक्शन, त्या महिन्यात सगळ्या महाराष्ट्रात जे चाललं होतं तेच आमच्याकडेही, ते परत लिहीत नाही. फ्लाइट बंद-चालू होत होत्या, भारतातून येणाऱ्यांसाठी फ्रान्सने नियम कडक केलेले, माझ्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलेलं, गेलो असतो तर परत येता आलं नसतं कदाचित. कदाचित आलंही असतं. सगळे म्हणाले येऊ नकोस, आईपण म्हणाली. मी गेलो नाही.

दहाव्या दिवशी चुलतभावाने कृष्णाघाटावरून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ, माझ्याकडे सहा. घाटावर चौघंच होते, मास्क लावलेले. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पिंपळावर चार-पाच बसलेले दिसत होते मला स्क्रीनवर, खाली कोणी येईना. काकांनी हात जोडून सांगितलं, वहिनींना सांभाळू, घराचं कर्ज बघू, काही नाही. वीस मिनिटं झाली असतील. मग भाऊ म्हणाला, दादा तूच बोल, आणि त्याने मोबाईल पिंडासमोर धरला. मला स्क्रीनवर फक्त भाताचा तो गोळा, वर काळे तीळ आणि मागे दगड दिसत होता. मी म्हणलं, बाबा, मी येतो. जमेल तितक्या लवकर येतो. फोन हलला, पंखांचा आवाज आला, आणि भाऊ म्हणाला, शिवला.

त्या दिवशी दुपारी मी ऑफिसची मीटिंग अटेंड केली. सगळ्यांना वाटलं मी किती खंबीर आहे, मॅनेजरने तसं लिहूनही पाठवलं. मला नुसतं त्या खोलीत बसवत नव्हतं.

म्हणून तुईसोवाबद्दल त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जे काही वाचलं ते मला सलत राहिलं. केवढं धैर्य, केवढी देशभक्ती, दुःख बाजूला ठेवून कर्तव्य. लोकांनी प्रेमानेच लिहिलं होतं, त्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण दुःख बाजूला कुठे ठेवतात? ठेवायला जागा असते का? मला आपलं वाटतं, आणि हे फक्त माझं वाटणं आहे, त्याच्या मनात काय होतं ते त्याला आणि त्याच्या देवाला माहीत, की त्या शनिवारी बोर्दोमध्ये त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक हॉटेलची खोली आणि एक मैदान. त्या रात्री निघाला असता तरी दोन दिवस विमानांमध्ये, अनोळखी माणसांच्या शेजारी, सीटबेल्ट लावून. आणि मैदानात तीसएक माणसं, जी त्याची भाषा बोलतात, त्याचं नाव नीट उच्चारतात, मॅचच्या आधी-नंतर गोल करून त्याच्याच गावच्या चर्चमधली गाणी गातात. मृत्यू झाला की माणूस आपल्या माणसांत जातो. त्याला पोचता येण्यासारखी आपली माणसं तिथेच होती, पांढऱ्या जर्सीत. मला लियोंमध्ये अशी तीस माणसं मिळाली असती तर मी त्यांच्याबरोबर काहीही खेळलो असतो.

आणि ती मॅच मी परत पाहिली, आता माहीत असताना. मग कळलं की सगळे पाण्यात पळाल्यासारखे का पळत होते. एकट्या त्याचं नव्हतं ते, सगळ्या टीमच्या घरातलं मूल गेलं होतं. आमच्या गल्लीत कोणी गेलं की समोरच्या घरातसुद्धा कुकरची शिट्टी होत नाही, तसं ते ऐंशी मिनिटं खेळत होते. पहिल्या टॅकलला तुईसोवा ज्या माणसावर गेला त्याला खाली पाडल्यावर तो क्षणभर तसाच गुडघ्यावर राहिला, मान खाली, मग एकाने येऊन नुसता त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, उचललं वगैरे नाही, ठेवला आणि काढला, आणि खेळ पुढे गेला. मी ते चार वेळा मागे नेऊन बघितलं.

---

फिजीत माणूस गेल्यावर नातेवाईक देवमाशाचा दात, चटया, अन्न घेऊन त्या घरी जातात, त्याला रेंगुरेंगु म्हणतात. मग रात्री मोजतात. चौथी रात्र, बोंगी वा. दहावी रात्र, बोंगी तिनी. आणि शंभरावी, बोंगी न्द्राउ, त्या दिवशी सुतक उठतं. मी हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, दहावं त्यांच्यातही असतं का. तिला याचं फार बरं वाटलं, का ते तिला सांगता आलं नसतं. मग तिने बोटांवर मोजलं. शुक्रवारी गेला, म्हणजे दहावा पुढच्या रविवारी. ८ ऑक्टोबर. मी फिक्स्चर बघितलं, ८ ऑक्टोबरला तुलूझमध्ये फिजीची पोर्तुगालशी मॅच. ती ते २४-२३ अशी एका गुणाने हरले, पण हरूनसुद्धा बोनस पॉइंटवर क्वार्टरफायनलला गेले, २००७ नंतर पहिल्यांदा. त्या रात्री मात्र मी मोबाईल लावला नाही, सकाळी स्कोअर बघितला.

१२ तारखेला गुरुवारी त्रयोदशी होती. लहान मुलांचं करायचं असेल तर त्रयोदशीला करतात, हे मला माहीत नव्हतं, आमच्या घरात करायची वेळ आली नव्हती. मी ऑफिसला निघालो होतो, आईने हाक मारली, म्हणाली जरा वर गच्चीवर एवढं ठेवून ये, माझे गुडघे दुखतायत. केळीच्या पानाचा छोटा तुकडा होता. त्यावर चमचाभर खीर, भात, एक वडा, आणि कडेला एक पार्लेचं बिस्किट.

मी म्हणलं, बिस्किट?

म्हणाली, "सात वर्षांचं पोर आहे, नुसती खीर खाईल का?"

मी पान कठड्यावर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला खडा ठेवला. गोत्र नाही, नाव नाही, मंत्र नाही. थोडा वेळ थांबलो. समोरच्या टाकीवर एक कावळा बसला होता, पण मला आठ बेचाळीसची बस होती म्हणून निघालो.

रविवारी घटस्थापना. घट बसले, आईचा उपास होता. रात्री साडेआठला मार्सेयमध्ये इंग्लंडशी क्वार्टरफायनल. आई स्वतःहून येऊन बसली, चष्मा लावून, आणि विचारलं, "आहे का आज तो?" मी दाखवला. बारा नंबर. इंग्लंड २४-१० पुढे गेलं, मग पेनी रावाई आणि बोतितू, दोघांचे ट्राय लागले आणि २४-२४ झालं, मी खुर्चीच्या कडेला आलो होतो. शेवटी ओवेन फॅरेलने एक ड्रॉप गोल मारला, एक पेनल्टी, ३०-२४. संपलं.

आईला स्कोअर कळला नाही. ती विचारत होती, आता सोडतील ना त्याला घरी.